कॉइल वर अडकत नाही, खाली चिकटते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग), आणि प्लग पहिल्यांदाच घरी बदलायला घेतलेत. तीन कॉइल निघाल्या. दुसऱ्या सिलिंडरची मात्र बोल्ट काढल्यावर जरा डुलते, पण वर येत नाही. पक्कड लावून जोरात ओढू का, की खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू? आणि तुटलीच तर पुढे काय?

दोन्ही नको. आधी ती का येत नाही ते पाहू, कारण उपाय त्यावरच ठरतो.

तुम्ही जिथे धरताय तिथे कॉइल मोकळी आहे, म्हणून तर ती डुलते. अडकलाय तो तिचा रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी खालची रबरी नळी, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागाच्या) नळीत खोलवर, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या मानेवर. वर्षानुवर्षं तापून-निवून रबर त्या मानेला चिकटतं. शिवाय वरच्या बाजूला कॉइलची रबरी कड नळीचं तोंड बंद करते, त्यामुळे ओढताना खाली पोकळी तयार होते आणि तीही कॉइलला धरून ठेवते. आता सरळ वर ओढलं की रबर लांबतं, आणि लांबलेली रबरी नळी बारीक होते. म्हणजे तुम्ही जितका जोर लावाल तितकी तिची मानेवरची पकड वाढते. शेवटी जे कमजोर असेल ते तुटतं, आणि ते बहुतेक वेळा बूट आणि कॉइलचा प्लास्टिकचा डबा यांच्यामधला सांधा असतो. म्हणून या कामात ताकदीला फारसं महत्त्व नाही. चिकटलेला थर पीळ देऊन सोडवायचा आणि मगच ओढायचं.

तीन कॉइल निघाल्यात हे बरं झालं. त्यांचे बूट उजेडात धरून आत बघा, अडकलेल्या कॉइलचं दुखणं बहुधा तिथेच दिसेल. बूट कोरडा आणि आतून चकचकीत असेल तर फक्त उष्णतेने चिकटलंय, हा सगळ्यांत सोपा प्रकार. बूट तेलकट, फुगलेला, बोटांत लिबलिबीत लागत असेल तर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, त्याखालचं प्लग-नळीचं सील गळतंय. तेलाने फुगलेलं रबर नळीत घट्ट बसतं. तपकिरी भुकटी दिसली तर आत पाणी गेलं होतं, बहुतेक इंजिन धुताना, आणि प्लगचा लोखंडी भाग गंजलाय. हा प्रकार वाईट, कारण मग कॉइलनंतर प्लगही त्रास देणार हे धरून चालायचं.

पुढची गोष्ट तापमानाची. कॉइल काढताना इंजिन कोमट असलेलं बरं, प्लग काढताना मात्र पूर्ण थंड हवं. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून वेगळ्या सांगतोय. कोमट म्हणजे टॅपेट कव्हरवर हाताचा तळवा आरामात टेकवता येईल इतकंच. त्या उबेने रबर मऊ पडतं आणि सुटायला तयार होतं. ॲल्युमिनियमचं मात्र उलटं आहे. तापलेल्या हेडमधून प्लग फिरवला तर आटे घासून ओरबाडले जातात. म्हणून कॉइल कोमटपणी सोडवायच्या, पुन्हा नुसत्या बसवून ठेवायच्या, आणि प्लगला हात दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा. तुमच्याकडे आत्ता तीन नळ्या उघड्या आहेत, तर त्या कॉइल परत जागेवर बसवा, बोल्ट लावा, कनेक्टर जोडा आणि गाडी काही मिनिटं चालवा. कॉइल नुसती बाहेर लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नका. ठिणगीला प्लग मिळाला नाही की ती वीस-तीस हजार व्होल्टची वीज कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते, आणि चांगली कॉइल बाद होते.

गाडी बंद करून बॅटरीची ऋण बाजू सोडा आणि आधी कनेक्टर काढा. जुन्या गाडीत त्याची प्लास्टिकची कडी बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. काही कनेक्टरांवर लाल किंवा राखाडी रंगाची दुसरी सरकती कडी असते, ती आधी मागे घ्यायची. मग कनेक्टर एकदा आत दाबायचा, म्हणजे कडीवरचा ताण जातो, अंगठ्याने कडी दाबून धरायची आणि कनेक्टरच्या अंगाला धरून मागे ओढायचं. वायरला धरून नाही. स्क्रू ड्रायव्हरने कडी उचलायचा मोह होतो आणि तिथेच ती तुटते.

बोल्ट बहुतेक गाड्यांत १० मिमीच्या पान्ह्याचा असतो. तो पूर्ण काढून बाजूला ठेवा. आता कॉइलचा डबा दोन्ही हातांच्या बोटांनी शक्य तितका खाली धरा आणि वर न ओढता नुसता डावीकडे-उजवीकडे पिळा. सुरुवातीला फक्त रबर पीळ खाईल आणि परत येईल. घाई करू नका, वीस-तीस वेळा हलकेच फिरवा. मग एका क्षणी खाली काहीतरी सुटल्यासारखं जाणवतं. पीळ परत येत नाही, कॉइल हाताबरोबर सहज फिरते. तो क्षण आला की काम झालं. आता फिरवत फिरवत वर घ्या. शेवटी नळीचं तोंड सुटताना 'फक्' असा आवाज येतो, तो त्या पोकळीत हवा शिरल्याचा.

पिळूनही सुटत नसेल तर सिलिकॉन स्प्रे घ्या, बारीक नळीवाला. वरची रबरी कड बोथट प्लास्टिकच्या पट्टीने जराशी बाजूला करा, नळी बुटाच्या कडेने आत सरकवा आणि दोन छोटे फवारे मारा. वीस मिनिटं थांबा, पुन्हा पिळा. गंज सोडवण्याचं नेहमीचं खनिज तेल इथे वापरू नका. त्याने बरेच बूट फुगतात आणि पकड उलट वाढते. कॉम्प्रेसर असेल तर त्याच फटीतून हवेचा झोत सोडून बघा. खालच्या पोकळीत हवा भरली की कॉइल पुष्कळदा आपणहून दोन-चार मिलीमीटर उचलली जाते. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण नळीतली वाळू आणि गंज सरळ तोंडावर येतो.

त्यानंतर ओढायची वेळ आली तरी पक्कड नको. पक्कड डबा एकाच बाजूने धरते, डबा तडकतो, किंवा कॉइल तिरकी होऊन खाली प्लगची चिनी मातीची मान मोडते. त्यापेक्षा नायलॉनची मजबूत पट्टी किंवा दोरी डब्याच्या खालून दोन्ही बाजूंनी फिरवून फास करा आणि नळीच्या रेषेत सरळ वर ओढा. एक हात दोरीला, दुसरा हात पीळ द्यायला. काही गाड्यांच्या कॉइलसाठी खास ओढणी मिळते, ती डब्याच्या खाचेत बसते. तुमच्या गाडीसाठी मिळत असेल तर जरूर घ्या, ती स्वस्त आणि साधी असते.

उचकटण्याबद्दल विचारलंत. टॅपेट कव्हर प्लास्टिकचं असेल तर मुळीच नको. त्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून जोर दिला की कव्हरला चीर जाते, आणि एका कॉइलपायी तेलगळती मागे लागते. धातूचं कव्हर असेल तर लाकडाची चपटी पाचर चालेल, बोल्टच्या कानाखाली थोडी आणि समोरच्या बाजूला थोडी, आलटून पालटून. एकाच बाजूने कधीच नाही.

आता तुटली तर. घाबरू नका, पण प्लगला हात लावायच्या आधी थांबा. कॉइल तुटताना वरचा डबा हातात येतो, आणि बूट व त्याच्या आतली लांब स्प्रिंग नळीत राहते. प्लग जागेवर आवळलेला आहे तोवर सिलिंडर बंद आहे, वरून काहीही पडलं तरी ते नळीतच राहील. आधी स्प्रिंग लांब नाकाच्या पक्कडीने काढा. मग बुटाची कड धरून तीच पक्कड फिरवा, हे पुन्हा पिळणंच आहे. रबर फाटत तुकड्या-तुकड्याने येत असेल तर येऊ द्या, शेवटचे कण आकड्याच्या तारेने आणि व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून काढा. रबराचा एखादा वेढा फक्त मानेवर उरला असेल आणि खालच्या षटकोनावर सॉकेट पूर्ण खोल बसत असेल, तर त्याच्याशी झगडू नका. प्लग निघेल तेव्हा तो त्याच्याबरोबरच वर येईल. बऱ्याच कॉइलचे बूट आणि स्प्रिंग सुटे मिळतात. डबा शाबूत असेल तर पूर्ण कॉइल घ्यायच्या आधी ते मिळतात का बघा.

मी मनाशी क्रम असा ठेवतो: बूट गेला तर चालेल, वेळ पडली तर कॉइलही गेली तरी चालेल, पण हेडचे आटे आणि टॅपेट कव्हर यांना धक्का लागता कामा नये. कुठे जोर लावायचा आणि कुठे थांबायचं हे यावरून लगेच ठरवता येतं. दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचं वय बाकीच्या तिघींएवढंच आहे. ती वाचवण्यासाठी मर्यादेपलीकडे झुंजायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी, इंजिन थंड असताना, प्लग. पहिलं काम नळी साफ करणं. चष्मा लावून हवा मारा, टॉर्चने तळ बघा. तळाशी तेल साचलं असेल तर चिंध्यांच्या बारीक वातीने टिपून घ्या. नाहीतर प्लग काढताच ते सिलिंडरमध्ये उतरेल. सॉकेट १४ मिमी आट्यांच्या प्लगसाठी बहुधा १६ मिमीचं, जुन्या गाड्यांत २१ मिमीचं. १२ मिमी आट्यांचे बारीक प्लग आता बरेच दिसतात, त्यांपैकी काहींना १४ मिमीचं बारा कोनांचं सॉकेट लागतं. साधं षटकोनी सॉकेट त्यावर बसल्यासारखं वाटतं आणि कोपरे खातं. सॉकेट आत चुंबक किंवा रबर असलेलं घ्या. रबराचं असेल तर सॉकेट आणि एक्स्टेंशन यांच्या जोडावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, नाहीतर प्लग धरून सॉकेट खाली राहतं आणि एक्स्टेंशन हातात येतं.

प्लग एक आटा ढिला करा आणि थांबा. पुन्हा एकदा हवा मारा, कारण वायसरखाली दडलेली घाण आता सुटते. मग पुढे फिरवा. फिरताना किरकिर आवाज आला किंवा जड होत गेला तर उलट फिरवून परत आत न्या, थोडं गंज सोडवणारं तेल बुडाशी सोडा आणि अर्धा तास वाट बघा. इथे खनिज तेल चालतं, रबर आता बाहेर आहे. फक्त नंतर नळी पुसून कोरडी करायची. मग पाव फेरा बाहेर, थोडा आत, असं करत काढा. सरळ जोराने काढलेला प्लग हेडचे आटे अंगावर घेऊन बाहेर येऊ शकतो.

निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा आणि उजेडात नीट बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं तेल म्हणजे सिलिंडरमध्ये तेल येतंय. एक गोष्ट हमखास फसवते: चिनी मातीवर, धातूच्या कॉलरच्या लगेच वर, तपकिरी वलय दिसतं. लोक त्याला गॅस गळती समजतात. तिथल्या प्रखर विद्युतक्षेत्राने हवेतले तेलाचे कण ओढले जाऊन चिकटतात, तो डाग निरुपद्रवी आहे. धोक्याची खूण वेगळी. मानेवर वरून खाली गेलेली पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ, आणि बुटाच्या आत बरोबर तिच्या समोर तशीच राखाडी रेघ. ती ठिणगीने शोधलेली चोरवाट असते. प्लग नवा घातलात आणि तोच बूट परत बसवलात तर गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा मिसिंग करणार. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे.

नवे प्लग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमांकाचेच घ्या. वेगळ्या कंपनीचा समकक्ष घेताना स्वतः आकड्यांची तुलना करू नका. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात उष्णतेचा आकडा वाढला की प्लग जास्त थंड (म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा), तर बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा वाढला की जास्त गरम. गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी पडते ती फट, आधीच लावून येतो, तरी तपासा, कारण वाहतुकीत खोका आपटलेला असू शकतो. साधारण ०.७ ते १.१ मिमी, नेमका आकडा पुस्तकात. इरिडियमच्या प्लगमध्ये नाण्यासारखं तिरकं गेज घुसवू नका, ती मधली सुई सहज मोडते. गोल तारेचं गेज वापरा, आणि वाकवायचा तो फक्त बाहेरचा दांडा. हातातून पडलेला प्लग वापरू नका. आतला तडा बाहेरून दिसत नाही.

बसवताना रॅचेट बाजूला ठेवा. एक्स्टेंशन नुसत्या बोटांनी धरा, प्लग सावकाश खाली सोडा आणि आधी उलटा फिरवा. आट्याचं तोंड जुळलं की 'टक्' असं हलकं खाली बसल्यासारखं जाणवतं. तिथून सरळ फिरवा. बोटांच्या जोराने निदान पाच-सहा फेरे सहज गेले पाहिजेत. दुसऱ्याच फेऱ्याला जड झाला तर तो आडव्या आट्यात चढतोय. काढा, पुन्हा सुरू करा. पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा प्लगच्या टोकावर घट्ट बसवून फिरवणं त्याहून सुरक्षित, कारण आटा चुकला तर नळी घसरते आणि पुढे जोर जातच नाही.

आवळण्याचा आकडा पुस्तकातलाच धरा. तो नसेल तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वायसरवाल्या १४ मिमी प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर १४ मिमीच्या नव्या प्लगसाठी बोटाने टेकेपर्यंत, मग पान्ह्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. या फेऱ्यात नवा वायसर चेपतो आणि तो चेपताना हाताला जाणवतोही. तोच प्लग परत बसवत असाल तर वायसर आधीच चेपलेला आहे, म्हणून फक्त एक बारांश फेरा. वायसर नसलेल्या उतरत्या बैठकीच्या प्लगला एक सोळांश. हे दोन प्रकार उलटेपालटे केले तर उतरत्या बैठकीचा प्लग हेडमध्ये पाचरीसारखा रुतून बसतो.

आटे अडकून बसू नयेत म्हणून त्यांना चांदीसारखी ॲन्टी-सीझ पेस्ट लावायचा सल्ला खूप ऐकाल. आजकालच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो आणि एनजीके तर पेस्ट लावू नका असंच सांगते. पेस्टमुळे घर्षण कमी होतं, त्यामुळे टॉर्क रेंचवर तोच आकडा आला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो आणि आटे ताणले जातात. मी लावत नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं असेल तरच लावा, आणि त्यांनी दिलेल्या आकड्यानेच आवळा.

पेस्ट लागते ती बुटात. पुढच्या वेळी हाच त्रास टाळायचा असेल तर सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बुटाच्या तोंडाशी आतून लावा, मुगाच्या दाण्याएवढं पुरे, बोटाने पातळ पसरवून. स्प्रिंगला लावू नका, ग्रीस वीज अडवतं. कॉइल खाली दाबताना प्लगवर बसल्याचं जाणवलं पाहिजे. मग बोल्ट हाताने सुरू करा. तो छोटा, ६ मिमी आट्यांचा असतो आणि कव्हरमध्ये त्याचे आटे नाजूक असतात, ८ ते १० न्यूटन-मीटर पुरेत. कनेक्टर 'टक्' वाजेपर्यंत दाबा आणि मागे ओढून खात्री करा.

नळीत तेल सापडलं असेल तर हे सगळं करून उपयोग थोडेच दिवस. टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि नळ्यांची सीलं बदलेपर्यंत नवा बूटही फुगणार. व्ही आकाराच्या सहा सिलिंडर इंजिनात मागच्या रांगेतल्या कॉइलसाठी बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच) उतरवावा लागतो आणि त्याचं गॅस्केट नवं लागतं. तुमच्या चार सिलिंडरला ती कटकट बहुधा नाही.

सुरू केल्यावर गाडी हलली, आणि इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर लगेच बंद करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतो आणि वितळू शकतो. आधी कनेक्टर आणि कॉइलची बैठक तपासा, नव्वद टक्के चूक मला तिथेच सापडते. ती ठीक असेल आणि स्कॅनरवर (गाडीतला दोषाचा कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, दिसत असेल तर दुसरी आणि तिसरी कॉइल आपसांत बदला, कोड पुसा आणि पुन्हा चालवा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे झुंजताना कॉइल दुखावली आहे, ती बदला. पी०३०२ च राहिला तर कॉइल चांगली आहे. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून चिनी मातीला चीर आहे का बघा, आणि तीही नसेल तर त्या कनेक्टरच्या वायरी आणि इंजेक्टर तपासा.